कंत्राटी पुरातत्त्व : हे संशोधन की डोक्यावर टोपी घातलेली हमाली?

रिकामा_खड्डा :

पुण्यातल्या एका ज्युनियर मुलाचा परवा मेसेज आला. ‘ताई, एम. ए. झालं. अमेरिकेत येऊन शोव्हेल बम व्हावं म्हणतो. कसं आहे?’ शोव्हेल बम म्हणजे गावोगाव फिरून फावडं मारणारा फील्ड टेक्निशियन. इथे लाडानेही म्हणतात आणि टोमणा म्हणूनही. दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत १९६६चा ऐतिहासिक वारसा जतनाचा कायदा आहे. त्याच्या १०६व्या कलमानुसार केंद्र सरकारचा पैसा, परवानगी किंवा जमीन ज्या प्रकल्पात आहे, त्याचा जुन्या जागांवर काय परिणाम होईल हे आधी बघावं लागतं. मग हायवे असो, पाइपलाइन असो नाहीतर मोबाइलचा टॉवर. प्रकल्पवाला सल्लागार कंपनी नेमतो आणि कंपनी आम्हाला घेते, त्या कामापुरतं. काम संपलं की ‘पुढचं निघालं की कळवू’.

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे ओहायोत आले आणि कामाचा परवाना मिळाल्यावर यात पडले. आता चार वर्षं झाली. सकाळी सहाला मोटेलच्या पार्किंगमध्ये जमायचं, पिकअपमध्ये फावडी, चाळण्या आणि पाण्याचे कॅन टाकायचे. शेतात किंवा रानात दर पंधरा मीटरवर एक खड्डा, हातभर रुंद. माती पाव इंची जाळीतून चाळायची. मन्सेलच्या रंगपुस्तिकेशी ढेकूळ लावून बघायचं, १०वायआर ४/३, तपकिरी. फॉर्म भरायचा, खड्डा बुजवायचा, पुढे चालायचं. आठ दिवस रोज दहा तास काम, मग सहा दिवस सुट्टी. गोचीड पँटवर चढू नयेत म्हणून मोजे पँटवरून ओढून घ्यायचे. आम्ही सगळेच शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे दिसतो.

मागच्या खेपेला चौघांनी मिळून तीनशेवर खड्डे केले. अकरांत काही निघालं. त्यातल्या एकात फ्लिंट रिजच्या दगडाची नखाएवढी कपची होती, मधाच्या रंगाची, एका कडेला निळसर झाक. ती खाण इथून तासाभरावर. महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन जोर्वे काळातली, कॅल्सेडनी दगडाची पाती आम्ही वर्गात बशीत घेऊन बघायचो, तसाच गुळगुळीतपणा. माती चाळणीवर हलत होती आणि ती कपची नुसतीच चमकली. त्या दिवशी जेवायला उशीर झाला तरी कोणी कुरकुरलं नाही.

माझं म्हणणं असं की हे पुरातत्त्वच आहे. रिकामा खड्डासुद्धा पुरावा असतो, कारण इथे वस्ती नव्हती हेही कोणीतरी खणूनच सांगावं लागतं. पण या कामाची घडी अशी बसवलीय की पस्तिशीनंतर माणूस त्यात टिकूच नये. मुलाला काय सांगू?

नर्मदेचा_गाळ :

ताई, दिलखुलास लिहिलंत, पण मला पटलं नाही. याला पुरातत्त्व म्हणणं म्हणजे आरटीओच्या एजंटाला वाहतूकतज्ज्ञ म्हणण्यासारखं झालं. तुमचं १०६वं कलम प्रकल्प थांबवू शकतं का? नाही. ‘विचारात घ्या’ एवढंच ते सांगतं. विचारात घेतलं, फाइल झाली, बुलडोझर सुरू. आणि तुमच्या कंपनीला पैसे कोण देतं? ज्याला पाइपलाइन टाकायची आहे तोच. नवरदेवाच्या खर्चाने नेमलेला भटजी मुहूर्त नाही म्हणेल का?

डकोटा अ‍ॅक्सेस ही तेलाची पाइपलाइन आठवा. २०१६ साली स्टँडिंग रॉक सू जमात ओरडून सांगत होती की आमच्या पवित्र जागा मार्गात येतायत, सर्वेक्षणात त्यांची दखल घेतलेली नाही. कोर्टाने त्या सप्टेंबरात काम थांबवायला नकार दिला. २०१७पासून तेल वाहतंय. तिथेही कोणीतरी दर काही मीटरवर खड्डे केलेच होते ना? तुमच्या खड्ड्यांच्या नोंदी जातात कुठे? राज्याच्या कचेरीत फायलीत. चार माणसं वाचत नाहीत. संशोधनाला प्रश्न लागतो. इथे प्रश्न एकच : ‘रस्ता मोकळा आहे का?’

यॉर्कशायरी_पावसातून :

नर्मदेचा_गाळ, तुम्ही फारच एका रंगात रंगवताय.

मी इंग्लंडमध्ये अशाच कंत्राटी कामावर आहे. इथे १९८९मध्ये लंडनमध्ये शेक्सपिअरच्या काळातल्या रोझ नाट्यगृहाचा पाया एका ऑफिस इमारतीच्या जागेत निघाला, तेव्हा केवढा गदारोळ झाला. पुढच्याच वर्षी, १९९०मध्ये, सरकारने नियोजनाची सूचना काढली. बांधायचंय ना, मग आधी काय आहे ते बघायचा खर्च तूच कर. तेव्हापासून इथलं बरंचसं उत्खनन असंच होतं, विद्यापीठांचा वाटा त्यामानाने लहान.

नव्या वेगवान रेल्वेसाठी यूस्टन स्टेशनलगतचं जुनं दफनस्थान उकरलं गेलं. हजारो सांगाडे. त्यात जानेवारी २०१९मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्स सापडला. ऑस्ट्रेलियाला सागरी फेरी मारून तिचा नकाशा काढणारा, आणि ते नाव रूढ करणारा तोच. १८१४मध्ये वारलेला. शवपेटीवरची शिशाची पाटी शाबूत होती, म्हणून ओळख पटली. ती पाटी मातीतून सुटी करणारा हात कोणा प्राध्यापकाचा नव्हता, आमच्यासारख्या कंत्राटी माणसांचा होता. आता ‘रस्ता मोकळा आहे का’ याच प्रश्नातून हे निघालं, मग प्रश्न एवढा वाईट कसा?

पगाराबद्दल मात्र बोलत नाही. भाड्याच्या खोलीत ओले बूट हीटरला लावून बसलोय, त्यावरून ओळखा.

घोडनदीकाठचा :

मला दोघांशीही भांडायचंय, पण वेगळ्या कारणासाठी. धाग्याच्या नावातला ‘हमाली’ शब्द खुपला.

माझं गाव शिरूर तालुक्यात. जवळच इनामगावचं उत्खनन झालं, १९६८ ते १९८३, डेक्कन कॉलेजने केलेलं. ताम्रपाषाण युगातलं खेडं, घरांच्या जमिनी, चुली, घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरलेली पोरं. सगळ्या जगाने वाचलं. पण माती उकरली कोणी? भागातल्या माणसांनी, रोजावर. मी स्वतः विद्यार्थी असताना विदर्भातल्या एका उत्खननावर होतो. तिथे कामावर एक मामा होते, सातवी शिकलेले. आम्ही छत्रीखाली बसून थर कुठे बदलतो यावर वाद घालायचो. मामा कुदळ हलकेच आपटायचे आणि आवाज ऐकून म्हणायचे, ‘साहेब, सारवलेली भुई आली, आता थापी घ्या.’ पांढर, म्हणजे जुन्या वस्तीची माती, कुठे संपली आणि खालची काळी कुठे लागली, हे त्यांना आमच्या आधी कळायचं. अहवालात त्यांचं नाव? ‘मजूर’.

तेव्हा अमेरिकेत पदवीधर माणूस स्वतः फावडं मारतो, चाळतो आणि फॉर्मवर स्वतःचं नाव लिहितो, हे मला वरच्या दर्जाचं वाटतं. त्या ज्युनियर मुलाने चार वर्षांत जेवढी माती हाताळली असेल त्याच्या दसपट तिथे एका वर्षात हाताळेल. जाऊ दे त्याला. हात मातीत गेल्याशिवाय कसला पुरातत्त्वज्ञ?

जमाखर्च :

भावना राहू द्या बाजूला, आकडे बघू. ताई, ताशी किती मिळतात? इथले माझे ओळखीचे वीस-बावीस डॉलर सांगतात. बर्फ पडला की ओहायो-पेनसिल्व्हेनियात खणणं बंद, म्हणजे वर्षाचे धरून चला नऊ महिने. आरोग्यविमा बहुधा नाही. मोटेल आणि जेवणाचा भत्ता वेगळा मिळतो खरा, पण तो वाचवायला लोक दोघं-दोघं एका खोलीत राहतात आणि मायक्रोवेव्हमध्ये खिचडी करतात. चाळिशीत गुडघे जातील तेव्हा कोण बघणार?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी वर कोणीच लिहिली नाही. ताईंना कामाचा परवाना नवऱ्यामुळे आहे. या मुलाला कोण देणार? फील्ड टेकसाठी कुठल्या कंपनीने व्हिसा काढल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. म्हणजे आधी इथल्या विद्यापीठात लाखो रुपये भरून शिकायचं आणि मग ताशी वीस डॉलरने गोचीड वेचायचे. काका म्हणून सांगतो, आईबापांचं कर्ज डोक्यावर घेऊन हा शौक करू नये.

सड्यावरून :

मी रत्नागिरीचा. ‘फाइल झाली’ म्हणून तुम्ही जिला हिणवताय ती फाइल आमच्याकडे नाही, म्हणजे काय होतं ते ऐका.

आमच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, कातळशिल्पं आहेत. हत्ती, मासे, माणसं, कसले कसले चौकोन. उक्षी, देवाचे गोठणे, कशेळी, बारसू. २०२२मध्ये आठ महाराष्ट्रातली आणि एक गोव्यातलं अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. ही शोधली कोणी? सुट्टीच्या दिवशी मोटरसायकली काढून सडे पालथे घालणाऱ्या हौशी मंडळींनी, गुराख्यांना विचारत विचारत. बारसूला रिफायनरीचं घाटत होतं तेव्हा किती शिल्पं कुठे आहेत हे सांगणारी यादी होती ती याच लोकांकडची.

आपला १९५८चा कायदा जाहीर झालेल्या स्मारकांना जपतो. २०१०च्या दुरुस्तीने त्यांच्याभोवती १०० मीटर बंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण. पण जे जाहीरच झालं नाही त्याचं काय? जांभा दगडाच्या चिरेखाणीत आमच्या डोळ्यांदेखत शिल्पं गेलीत. नर्मदेचा_गाळ, तुमच्या नावातली नर्मदा तरी आठवा. धरणं झाली तेव्हा तिच्या काठचं किती पाण्याखाली गेलं! कोणी दर पंधरा मीटरवर खड्डा करून निदान ‘इथे होतं’ एवढं लिहिलं असतं तर मला चाललं असतं. फायलीत का होईना.

नर्मदेचा_गाळ :

सड्यावरून, नावाचा टोला लागला, मान्य. काहीच नसण्यापेक्षा फाइल बरी, हेही मान्य. पण माझा मूळ मुद्दा कोणी खोडला नाही. ताई म्हणतात रिकामा खड्डा हा पुरावा. तो खरंच खणला गेला हे कोणाला ठाऊक? खापर हाती लागलं तर ते पिशवीत असतं. रिकाम्या खड्ड्याला साक्षीदार कोण? तो बुजवलेला असतो आणि बुजवणाऱ्याला सहाच्या आत मोटेल गाठायचं असतं.

रिकामा_खड्डा :

सगळ्यांना एकदमच उत्तर देते.

जमाखर्च काका, ताशी एकवीस. खिचडी बरोबर ओळखलीत, फक्त माझ्याकडे छोटा कुकर आहे. व्हिसाचा मुद्दा शंभर टक्के खरा, तो मी पहिल्या पोस्टमध्येच लिहायला हवा होता. आणखी एक : अख्ख्या प्रकल्पाची जबाबदारी घ्यायची तर केंद्राच्या निकषांप्रमाणे पदव्युत्तर पदवी लागतेच, शिवाय उत्तर अमेरिकेतल्या पुरातत्त्वाचा कामाचा अनुभव. पुण्यातलं उत्खनन त्यात धरत नाहीत. मी अजून टेकच आहे ते त्यामुळेही.

घोडनदीकाठचा, तुमच्या मामांसाठी ‘हमाली’ शब्द मागे घेते. आमच्यातही असा एक म्हातारा आहे, बारावी पास. तो फावड्याच्या दांड्याला कान लावत नाही, पण मातीचा वास घेऊन नांगरटीचा थर सांगतो. त्याला माझ्यापेक्षा ताशी एक डॉलर कमी, कारण पदवी नाही.

आता नर्मदेचा_गाळ. तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. दुसऱ्या वर्षी एका कामावर शेवटचा दिवस होता, कंपनीचं नाव नको. पाऊस आलेला, पंचवीस खड्डे बाकी. त्या कामाचा नियम असा की उतार वीस टक्क्यांहून जास्त असेल तर खणायचं नाही, तसं लिहून पुढे जायचं. टीमचा प्रमुख म्हणाला, ‘हा सगळा उतारच दिसतोय मला.’ मी चार फॉर्मवर ‘उतार, खणला नाही’ असं लिहिलं. उतार दहाच्या आसपास असेल. खाली ओढा होता, वर सपाट पट्टा. वस्तीला याहून बरी जागा मी शोधून दाखवू शकले नसते. ते चार फॉर्म राज्याच्या कचेरीत आहेत, माझ्या सहीचे. आता तिथे चौपदरी रस्ता आहे. आम्ही एकदा जेवायला चाललो होतो तेव्हा नवरा गाडी चालवत होता आणि मी दुसरीकडे बघत बसले.

तरीही मुलाला ‘नको’ असं लिहिलं नाही. व्हिसा आणि कर्जाचं काकांचं गणित जसंच्या तसं पाठवलं, घोडनदीकाठच्यांच्या मामांची गोष्टही. उतार मोजायचा छोटा क्लिनोमीटर स्वतःचा घे, कंपनीच्या मोबाइलवरचा नको, एवढं माझं. त्याचं उत्तर आलंय : ‘ताई, तो पुण्यात कुठे मिळेल?’ कोणाला अप्पा बळवंत चौकाच्या आसपासचं दुकान माहीत असेल तर कळवा.

घोडनदीकाठचा :

चौकात चौकशी करतो. नाहीच मिळाला तर माझ्याकडे जुना पितळी आहे, काटा जरा अडखळतो. पोराला घेऊन जायला सांगा.