मदत हवी आहे: पीठ-मिठाचे तारे तडकायलेत, नाताळ तोंडावर

संडे_स्कूलवाली
नमस्कार मंडळी. जरा लवकर सांगा, २४ तारखेला संध्याकाळी चर्चमध्ये लावायचंय. झाडाला टांगायला पोरांकडून पीठ-मिठाचे तारे, घंटा, मासे करून घेतलेत. ओले होते तोवर लय देखणे दिसत होते. वाळायला ठेवले की तडकायलेत, ताऱ्यांची तर टोकं गळून पडायलीत. फेविकॉलनं जोडून वरून रंग मारला तर चालंल का? विकतचं आणा म्हणू नका, पोरांनी आपल्या हातानं करायचं असं ठरलंय. फोटो चढंना.

चुलीवरची
कोणतं पीठ? मीठ किती? जाडी किती? वाळवलं कुठं? यातलं एकही लिहिलेलं नाही तुम्ही.

संडे_स्कूलवाली
पीठ घरातलंच. मीठ भरपूर. वाळवलं नेहमीच्या जागी. मी फेविकॉलचं विचारलंय.

सूर्यकुकर
ताई, सोलर कुकर आहे का घरी? मी भात, वरण, रताळी सगळं त्यातच करतो. आपल्याकडं डिसेंबरात ढग नसतात, ऊन फुकट. पेटीत ताटलीवर तारे मांडायचे, दुपारपर्यंत खडखडीत.

चुलीवरची
बंद पेटीत काचेला आतून पाणी धरतं. तारे वाळायचं सोडून वाफलतील.

सूर्यकुकर
काचेखाली काडी घालून फट ठेवायची. वापरलेला नसला की लोक असंच बोलतात.

पाटी_पेन्सिल
मी शाळेत चित्रकला शिकवतो. कणकेचा नादच सोडा. दोन वाट्या खाण्याचा सोडा, एक वाटी कॉर्नफ्लोअर, सव्वा वाटी पाणी. कढईत मंद आचेवर हलवत राहायचं, मऊ उकडलेल्या बटाट्यासारखा गोळा झाला की उतरवायचं. ओल्या फडक्याखाली गार करून मळायचं. वाळल्यावर पांढराशुभ्र, रंग नाही दिला तरी शोभतो. मात्र खाण्याचाच सोडा घ्या, धुण्याचा नको, पोरांच्या हाताची आग होईल.

चुलीवरची
सर, त्यांचे तारे करून झालेत. आणि एवढ्या पोरांना पुरेल इतका सोडा अन् कॉर्नफ्लोअर आणायचं म्हणजे विकतच्या घंटा परवडल्या. पीठ-मीठ प्रत्येक घरात असतं.

पाटी_पेन्सिल
स्वस्त म्हणून तडकलेलं लावायचं का?

निवृत्त_मास्तर
विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. झाडाला टांगायचे काचेचे गोळे जर्मनीतल्या लाउशा गावच्या काचकारागिरांनी एकोणिसाव्या शतकात करायला घेतले. त्याआधी झाडाला सफरचंदं, अक्रोड, बिस्किटं असली घरातलीच चीजवस्तू लटकायची. इंग्लंडात राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट झाडाभोवती उभे आहेत असं चित्र १८४८ साली एका लंडनच्या साप्ताहिकात आलं आणि घरोघर झाड उभारायची टूम निघाली. गव्हाणीचा देखावा मात्र त्याहून कितीतरी जुना, असिसीच्या संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीत ग्रेचो इथं मांडला. तेव्हा पिठाचे तारे हे काही कमी दर्जाचं काम नव्हे.

कडबाकुट्टी
मास्तर, तारे तडकायलेत.

नांदेडची_नणंद
काजू, बेदाणे, टूटीफ्रूटी आत्ताच संत्र्याच्या रसात भिजत घाला, केक मस्त होतो. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात खाली मीठ पसरून, वर स्टँड ठेवून भाजता येतो. अंडं नको असेल तर दही घाला.

संडे_स्कूलवाली
केक करणारे दुसरे आहेत. माझ्याकडं झाड आहे. कुणी सरळ सांगेल का?

कडबाकुट्टी
झाड कोणतं आहे ते तरी सांगा. बाजारातलं हिरवं प्लॅस्टिकचं, का अशोकाची फांदी?

संडे_स्कूलवाली
पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं वाळलेलं झाड. दिराच्या रानातून मुळासकट उपटून आणलीय, चुना मारून पांढरी केली, वाळू भरलेल्या डब्यात रोवलीय. जालन्यात आमच्याकडं बरेच जण असंच करतात. तारे टांगले की फांद्या वाकायल्यात, ते वेगळंच.

चुलीवरची
हे आधी सांगायचं ना ओ. म्हणजे तारे जाड आहेत. भाकरीएवढे का?

संडे_स्कूलवाली
भाकरीएवढे नाहीत, दशमीएवढे असतील. पातळ लाटले की पोरांच्या हातात फाटतात. पीठ रोज पोळ्यांना मळते तसंच मळलं. पत्र्यावर वाळवले, पापड-कुरडया तिथंच वाळतात की दरवर्षी.

चुलीवरची
सापडलं. पोळीची कणीक सैल असते. त्यात पाणी जास्त, म्हणून वाळताना ती जास्त आकसते. वरून ऊन आणि खालून तापलेला पत्रा, म्हणजे दोन्ही बाजूंनी कवच आधी कडक होतं आणि पोटात ओल राहते. मग पोट आकसायला लागलं की वरचं कवच फाटतं. पापड पातळ असतो, त्याला पोटच नसतं. शिवाय रात्री उचलून घरात आणत असाल, तर गारठ्यात पुन्हा ओल धरते.

आता उरलेल्या पोरांसाठी असं करा. दोन वाट्या पीठ, एक वाटी बारीक मीठ, पाणी एक वाटीच्या आतबाहेर, तेही थोडं थोडं. जाडं मीठ विरघळत नाही, खडे राहतात, तिथंच पहिली चीर जाते. पुरीच्या पिठाहून घट्ट मळा, दहा मिनिटं तरी मळा, मग ओलं फडकं टाकून अर्धा तास ठेवा. तसंच लाटलं तर रबरासारखं मागं ओढलं जातं, तारा वाकडा होतो. जाडी बाजरीच्या भाकरीच्या निम्मी. पोरांच्या हातात फाटत असेल तर प्लॅस्टिकच्या कागदावर लाटा, वाटीच्या काठानं किंवा डब्याच्या झाकणानं कापा आणि कागदासकट उचला. पहिला दिवस सावलीत, चाळणीवर किंवा जाळीवर, म्हणजे खालूनही हवा लागेल. दोन-तीनदा उलटा. वरून हाताला गार लागेनात की मगच ऊन दाखवा. पत्रा नको.

पाटी_पेन्सिल
हे बरोबर आहे, मान्य. भर घालतो. दोऱ्याचं भोक ओलं असतानाच पाडा, वाळल्यावर पाडलं की फुटतं. टोकाच्या अगदी कडेला नको, स्ट्रॉनं मोठंच पाडा, आकसून लहान होतं. ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन असेल तर शंभर अंशांवर दोन-तीन तास, वर नेऊ नका. जास्त तापलं की आतली वाफ फुगवते आणि कणीक करपट तांबूस होते.

फेविकॉलचं उत्तर कुणीच दिलं नाही म्हणून देतो. तुकडे आतून पूर्ण वाळले असतील तर चिकटतात. ओलसर असतील तर नाही. आणि वरून नुसता फेविकॉलचा हात देऊन भागत नाही, कारण तो ओलीनं पुन्हा मऊ पडतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्याकडं डिसेंबरात दुपारी हवा कोरडी, पण पहाटे धुकं पडलं की तारे घामेजतात. अ‍ॅक्रिलिक रंग द्या, वाळला की दोन्ही बाजूंनी आणि कडांना वॉर्निश.

सूर्यकुकर
शंभर अंश म्हणजे सोलर कुकरच की. वीज गेली तरी चालतो.

लातूरचा_पाहुणा
एवढी उठाठेव काहून? थर्माकोलचे तारे कापा, हलके, पऱ्हाटी वाकायची नाही.

कडबाकुट्टी
सजावटीच्या थर्माकोलला राज्यात २०१८ पासून बंदी आहे पाहुणं. हलकंच पाहिजे तर रानातलंच आहे. कापूस वेचून झाल्यावर झाडाला जे रिकामं बोंड राहतं ना, ते उघडलेल्या फुलासारखं असतं, चार-पाच पाकळ्या, टोकं बोटाला रुतण्याइतकी कडक. पांढरा चुना किंवा सोनेरी रंग मारला की तुमच्या ताऱ्यापेक्षा भारी. ताई, तुमच्या पऱ्हाटीला ती आधीच लागलेली असतील, तोडून टाकली का काय? फक्त न फुटलेली किडकी बोंडं घरात आणू नका, त्यात गुलाबी बोंडअळी असते. सण झाला की पऱ्हाटी बांधावर रचू नका, अळी पुढच्या हंगामाला तिथनंच उठते. चुलीत घाला.

दुसरं, ज्वारीचं धाट. लहानपणी त्याच्या गाड्या केल्यात की सगळ्यांनी. चिपाड म्हणजे वरची कडक साल सोलून काढायची, आतल्या मऊ भेंडाचे तुकडे करायचे, चिपाडाची टोकदार पट्टी भेंडात खुपसली की सांधा तयार, ना दोरा ना गोंद. पाच-सहा पट्ट्या एका भेंडात आडव्यातिडव्या खुपसा, तारा होतो. फुंकर मारली तरी हलतो इतका हलका. खरिपाचा कडबा आत्ता गोठ्यात आहेच. चिपाडाची धार मात्र बोट कापते, सोलायचं काम मोठ्यांनी करावं.

चुलीवरची
हे लय भारी. मी विसरूनच गेले होते भेंडाचं.

परभणीवाला
नाताळ आपल्या मराठवाड्यात कुठला ओ, पुण्या-मुंबईचं फॅड.

निवृत्त_मास्तर
रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकातच जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. तेव्हापासून तिथं नाताळ आहे. कीर्तनाच्या चाली बांधून उपासना करणारी मंडळी आहेत आपल्याकडं.

परभणीवाला
बरं. चुकून बोललो असं समजा.

बीडची_ताई
एक राहिलं. घरात कुत्रं असेल तर मिठाचे तारे त्याच्या तोंडाला लागतील असे टांगू नका. एवढं मीठ पोटात गेलं तर कुत्रं दगावू शकतं. शेळीचंही लक्ष ठेवा, ती कणीक सोडत नाही.

संडे_स्कूलवाली
बोंडं तोडली होती, डब्यात आहेत अजून. ठरलं असं की ज्यांचे तारे अख्खे आहेत ते वॉर्निश मारून दाराच्या तोरणाला, पऱ्हाटीवर नाही. पऱ्हाटीवर बोंडं आणि धाटाचे तारे. फुटलेल्यांतले मासे जोडले जातील, सरांनी सांगितलं तसे आधी आतून वाळवते. आणि हो, ज्यांचे तारे गेले त्या पोरांना धाटाचं काम पहिलं देते, नाहीतर रडारड.

एकच सांगा, भेंडाला रंग धरतो का?

कडबाकुट्टी
भेंड पाणी पितं. पातळ रंग दिला की मऊ पडतं आणि चिपाड निसटतं. घट्ट रंग, सुक्या ब्रशानं, तोही चिपाडालाच द्या. भेंड तसंच पांढरं राहू द्या.

लातूरचा_पाहुणा
संभाजीनगरात पऱ्हाटी कुठं मिळंल? फ्लॅटमध्ये आहोत आम्ही.

कडबाकुट्टी
फुलंब्रीकडं गाडी काढा, कापूस वेचून झालेलं कुठलंही रान बघा आणि मालकाला विचारून उपटा. पऱ्हाटी उपटून नेणाऱ्याला कोण नाही म्हणतं.

नांदेडची_नणंद
केकचं कुणाला हवं असेल तर प्रमाण लिहिते.