फिजिओथेरपीच्या रिसेप्शनवर होणारा मनस्ताप: चूक कुणाची?

धागा सुरू करणारी (रुग्णाची मुलगी):
आईच्या गुडघ्याची सांधेरोपणाची शस्त्रक्रिया झाली. गुडघा वाकवण्याचे व्यायाम पहिले काही आठवडे अजिबात चुकवू नका, असं सर्जननी बजावलंय. म्हणून आठवड्यातून ३ वेळा क्लिनिकला जातो. वेळ ११ ची मिळते आणि पावणेबारा वाजले तरी नंबर लागत नाही. विचारायला गेलं की काउंटरवरून मान वर न करता "बसा, बोलावतो". बसायचं कुठे, तर बुटक्या, खोल सोफ्यावर. त्यावरून उठायला गुडघा ९० अंशांच्याही पुढे वाकवावा लागतो, आणि आईचा अजून तेवढा वाकत नाही. दर वेळी मी तिला काखेत हात घालून उठवते.

परवा तर कहर झाला. "तुमची अपॉइंटमेंट कालची होती." मी त्यांनीच लिहून दिलेलं कार्ड पुढे केलं, तर "सिस्टीममध्ये दिसत नाही". आई तशीच परत आली.

उशीर होतो हे मला कळतं. पण किती होणार ते सांगायला काय हरकत आहे?

काउंटरच्या पलीकडची:
ताई, कार्डाची चूक काउंटरवाल्यांचीच, त्याबद्दल वाद नाही. बाकीचं मात्र मला पटलं नाही. मी दुसऱ्या क्लिनिकमध्ये हेच काम करते. ३ थेरपिस्टच्या वेळा, बिलं आणि सतत वाजणारा फोन, सगळं एकटीने बघायचं. नवीन रुग्णाच्या तपासणीला पाऊण तास लागतो, पण स्लॉट अर्ध्या तासाचाच ठेवायचा असं वरून सांगितलेलं. कुणी वीस मिनिटं उशिरा आलं तरी थेरपिस्ट त्याला आत घेतात, त्यांना नाही म्हणणारी मी कोण? आणि "अजून १५ मिनिटं" म्हटलं आणि २५ झाली, की तोच माणूस सगळ्यांसमोर अंगावर येतो. म्हणून "बसा" एवढंच म्हणते.

खांदा धरलेला:
म्हणजे शिव्या खायला नकोत म्हणून रुग्णाला अंधारात ठेवायचं? मला हे मान्य नाही. माझा फ्रोझन शोल्डर आहे, म्हणजे खांदा आखडलाय. थांबायचंय हे आधी कळलं असतं तर चार पावलं फिरून आलो असतो. एका जागी अवघडून बसलं की खांदा आणखी ठणकतो. शिवाय हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात "तुम्हाला नेमकं काय होतंय?" हा प्रश्न. समोर अनोळखी दहा माणसं बसलेली असतात. हळू बोलायला तर वरून परवानगी लागत नाही ना?

फिजिओथेरपिस्ट:
काउंटरवरच्या मुलीवर राग काढू नका, वेळापत्रक बिघडवणारे बहुतेकदा आम्हीच असतो. या चर्चेत न आलेली एक गोष्ट सांगते. उशीर झाला की सेशनमधली कात्री व्यायामाला लागते. शेक आणि मशीन यांचा वेळ ठरलेला, ते लावून दुसऱ्या रुग्णाकडे जाता येतं. हाताने गुडघा वाकवून घ्यायला मात्र माणूस पूर्ण वेळ शेजारी लागतो, तेच दहा मिनिटांत उरकलं जातं. सांधेरोपणानंतर गुडघा आखडला तर पुढे भूल देऊन वाकवण्याची वेळ येऊ शकते. त्यामुळे थांबण्याबद्दल भांडण्यापेक्षा आत गेल्यावर विचारा, "आज गुडघा किती अंश वाकला?" गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) लावून मोजायला मिनिटही लागत नाही. दर आठवड्याचा आकडा लिहून ठेवा.

खांदा धरलेला:
आकडा विचारूच. पण अर्ध्या तासाचा स्लॉट पुरत नाही हे तुम्हाला माहीत आहे, मग तो बदलत का नाही? भुर्दंड रुग्णालाच का?

फिजिओथेरपिस्ट:
कारण मधल्या वेळा रिकाम्या ठेवल्या तर क्लिनिक चालवणाऱ्यांना ते नुकसान वाटतं. मी दोनदा बोलले आहे. पुन्हा बोलेन.

धागा सुरू करणारी:
मी चिडले होते ती चुकीच्या माणसावर, हे पटलं. तरी "बसा"वरचा माझा राग कायम आहे. "आत एक नवीन पेशंट आहेत, वेळ लागेल" एवढं वाक्य कुणीही बोलू शकतं, त्यात मिनिटांचा वायदाही नाही.

आता मी दिवसाची पहिली वेळ मागून घेतलीय, तोवर कुणाचा उशीर साठलेला नसतो. आणि सोफ्याऐवजी हातांची उंच खुर्ची मागितली. ती आतल्या खोलीत पडूनच होती.

काउंटरच्या पलीकडची:
ते वाक्य उद्यापासून बोलून बघते. तुम्ही पण कार्डावर तारखेसोबत वार लिहून घ्या, आमचे घोटाळे तिथेच सापडतात. खुर्चीचं खरंच लक्षात आलं नव्हतं. आमच्याकडेही सोफाच आहे.