दुसऱ्या बाळंतपणानंतर नैराश्य येतं का? मदत हवी आहे

दुसऱ्या बाळंतपणाला दहा आठवडे झाले. पहिल्या वेळी चौथ्या दिवसापासून उगाचच रडू यायचं. डॉक्टर म्हणाल्या, निम्म्याहून जास्त बायकांना होतं, दोन आठवड्यांत निवळतं. तसंच झालं. या वेळी रडूच येत नाही, नुसतं बधिर वाटतं. बाळ झोपलं तरी माझा डोळा लागत नाही. त्याचं सगळं वेळच्या वेळी करते, पण दुसऱ्या कुणाचं तरी बाळ सांभाळतेय असं वाटत राहतं. (हे लिहितानाही लाज वाटतेय.)

घरचे म्हणतात, "पहिल्या वेळी कुठे काय झालं होतं?" बाळ निरोगी आहे, नवरा रात्री उठतो, पैशांची चणचण नाही. मग मला हे कसं होईल? आकडेही जुळत नाहीत, कुठे दहात एक लिहिलंय, कुठे पाचात एक. कुणाला अनुभव?

प्रतिसाद १
होतं. माझी पहिली दोन बाळंतपणं सुरळीत गेली, तिसऱ्या वेळी गाठलं. आकड्यांचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मते नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. विकसनशील देशांत हेच प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास जातं. पूर्वी नैराश्य आलेलं असेल, घरात आधार नसेल किंवा मारहाण असेल, बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर धोका वाढतो. पण माझ्या बाबतीत यातलं एकही नव्हतं.

डॉक्टरांकडे एडिंबरा प्रश्नावली मागा, बाळंतपणानंतरचं नैराश्य चाचपायची. १९८७ सालची आहे, दहाच प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दलचे. तिच्यावरून निदान होत नाही, पण बोलायला सुरुवात होते. थायरॉइडही तपासून घ्या, त्यानेही असं होऊ शकतं. अंगावर पाजत असतानाही चालणारी औषधं आहेत, त्या भीतीने मी दोन महिने फुकट घालवले. आणि स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटलं, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच क्षणी घरच्यांना सांगून दवाखाना गाठा.

प्रतिसाद २
वडिलांनाही होतं, साधारण दहात एकाला. माझ्यात ते चिडचिड होऊन बाहेर पडायचं, त्यामुळे कुणाला कळलंच नाही.

धागाकर्ती
सोमवारची वेळ घेतली. तसले विचार येत नाहीत, काळजी नसावी. नवऱ्याला हे सगळं वाचायला दिलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ते वडिलांचं खरं असतं का गं?" दोघंही जातोय.