कांद्याची मुळं गुलाबी, बूड तपकिरी, पण मातीचा रिपोर्ट तर बरा आहे?

चांदवडची_कांदेवाली
नमस्कार मंडळी. आमची साडेतीन एकर काळी, खालच्या अंगाला चुनखड. रांगडा कांदा (पावसाळ्याच्या शेवटी लावतात तो) लावून पन्नास दिवस झाले. पाटाच्या शेवटी, बांधाकडच्या सात-आठ वाफ्यांत पात शेंड्याकडून पिवळी पडून लोळतेय. परवा एक रोप उपटलं, हाताला जोरच लागला नाही. मुळं बिटाच्या पाण्यात बुडवल्यासारखी गुलाबी, काही जांभळी होऊन वाळलेली. विळीवर उभं चिरलं तर बूड तपकिरी, खाली कापसासारखी पांढरी बुरशी. शेजारच्याच रोपाची मुळं तशीच गुलाबी, पण बूड टणक, पांढरंशुभ्र. एका वाफ्यात दोन रोग का?

रिपोर्ट: सामू (पीएच) ८.२, क्षारता (खारटपणा) ०.४, सेंद्रिय कर्ब ०.३६ टक्के, मुक्त चुना ११ टक्के, स्फुरद (फॉस्फरस) 'अति जास्त'. दुकानदारानं सोमवारी कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची मुळाशी आळवणी करायला लावली, गुरुवारी ट्रायकोडर्मा सोडायला दिलं. सासरे म्हणतात, जमीन बाटली. बाटली असेल तर रिपोर्टात दिसत कशी नाही?

निवृत्त_कृषी_सहायक
ताई, तुम्ही चिरून बघितलंत ते उत्तम केलंत. हो, दोन आहेत. मुळं गुलाबी करते ती सेटोफोमा टेरेस्ट्रिस. ती मुळं मारते, कांदा गोटीएवढा राहतो, पण बूड शाबूत असतं. बूड कुजवते ती फ्युजारियम ऑक्सिस्पोरम. दुखावलेल्या मुळातून तिला आत शिरायला सोपं जातं. तिचे जाड कवचाचे बीजाणू कांदा नसतानाही मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात. माती तपासणीत सामू, कर्ब, अन्नद्रव्यं मोजतात. बुरशी कोण मोजतंय?

ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशीच आहे, रोगाच्या बुरशीला मारणारी. कार्बेन्डाझिमनंतर तीन दिवसांत ती सोडणं म्हणजे घरभर उंदराचं औषध पसरून वर मांजर आणणं. शिवाय कर्ब ०.३६, तिनं जगावं कशावर? पुढच्या वेळी किलोभर ट्रायकोडर्मा शंभर किलो कुजलेल्या शेणखतात मिसळा, सावलीत ओलं पोतं टाकून दहा-पंधरा दिवस ठेवा, मग लागणीआधी मातीत घाला.

एक विचारतो: नमुना सगळ्या रानाचा एकत्र काढला होता का?

येवल्याचा_रांगडा_गडी
स्फुरद अति जास्त आणि तरी दरवर्षी डीएपीची (स्फुरदाच्या खताची) गोणी, बरोबर ना ताई? आमचंही तेच होतं. कांद्याच्या मुळाला केसमुळं जवळजवळ नसतातच, लांबचं स्फुरद त्याला मायकोरायझा, म्हणजे मुळाशी जोडून जगणारी चांगली बुरशी, आणून देते. आयतं ताटात पडायला लागलं की कांदा तिला पोसत नाही, मुळाभोवतीची चांगली बुरशी कमी होते. यंदा डीएपी बंद करून बघा.

आणि फेरपालट म्हणून मका घेत असाल तर सावध. ही गुलाबी मुळाची बुरशी मक्याच्या मुळावरही जगते. मला हे तीन हंगाम फुकट गेल्यावर कळलं.

चांदवडची_कांदेवाली
काका, एकत्रच काढला होता. तुमचं वाचून आजाऱ्या वाफ्यांचा आणि वरच्या चांगल्या वाफ्यांचा वेगवेगळा दिला. सामू दोन्हीकडे ८.२, चुन्यातही फार फरक नाही. क्षारता मात्र वर ०.३, खाली १.१! मी इतके दिवस चुनखडीलाच शिव्या घालत होते.

मग पहार घेऊन गेले. वरच्या वाफ्यात हातभर सहज जाते, खाली वितीवर ठण्णकन थांबते. ट्रॅक्टर तिथंच वळतो, पाटाचं उरलेलं पाणी तिथंच साचतं आणि वाळून क्षार मागे ठेवतं.

निवृत्त_कृषी_सहायक
सापडलं की! १.१ कांद्याला जड आहे, तोही एक भाग माती अडीच भाग पाण्यात कालवून मोजलेला आकडा. मुळाभोवतीचा खारटपणा याहून जास्त धरा. बुरशी वरच्या वाफ्यांतही असणार, पण तिथली मुळं धडधाकट आहेत. खाली पाण्यानं गुदमरलेली, मिठानं भाजलेली. आधी बांधाला चर काढा. उन्हाळ्यात तो तुकडा खोल नांगरून तापू द्या, कांदा-लसूण तीन-चार वर्षं तिथं नको.

चांदवडची_कांदेवाली
चराचं आजच ठरवलं. आणि त्या वाफ्यांतला कांदा?

येवल्याचा_रांगडा_गडी
चाळीत एक गोणीही नको, तिथं बूड कुजतच राहतं. काढला की निवडून थेट बाजार. सडका माल उकिरड्यावर टाकू नका हं, शेणखतातून परत रानात येतो.