मदत हवी आहे: सरसकट नाकाबंदी आणि श्वासतपासणीच्या विरोधात टिकेल असा मुद्दा कोणता?

नमस्कार मंडळी,

भाची वादविवाद स्पर्धेत उतरली आहे. विषय: ‘दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पकडण्यासाठी केलेली सरसकट नाकाबंदी हा नागरी स्वातंत्र्यावर घाला आहे.’ चिठ्ठीत तिला अनुकूल बाजू आली, म्हणजे नाकाबंदीवर टीका करायची. वाचनाचं काम मी अंगावर घेतलं आणि पेचात पडलो, कारण जितकं वाचतोय तितकी समोरची बाजू भक्कम वाटायला लागली आहे. कायद्यातली माणसं, वाहतूक विभागात काम केलेले, किंवा नुसतेच वाद घालण्यात पटाईत असलेले, सगळ्यांनी लिहा. ‘पिणाऱ्यांना फोडून काढा’ छापाचे प्रतिसाद मात्र नकोत. पिऊन गाडी चालवू नये यावर दोन्ही बाजूंचं एकमतच आहे.

पहिला मुद्दा तिनेच शोधलाय. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या सॅगिनॉ काउंटीत १९८६ साली पोलिसांनी नाका लावला. सव्वा तासात १२६ गाड्या थांबवल्या, एकेका गाडीला सरासरी २५ सेकंद लागले. अटक झाली दोघांना, त्यातला एक तर न थांबता पुढे निघाला म्हणून सापडला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९० मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी नाका वैध ठरला. भाची म्हणते, ‘दोघांसाठी सव्वाशे निर्दोष लोकांना अडवलं!’ ऐकायला झकास आहे, पण समोरचा म्हणणार की नाका मुळात पकडण्यासाठी नसतो, धाक बसावा म्हणून असतो. आज कुठेही अडवतील या भीतीने ज्याने गाडीची किल्ली मित्राकडे दिली, तो या आकड्यात कुठेच मोजला जात नाही. शिवाय ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये डिसेंबर १९८२ पासून कुठल्याही चालकाला रस्त्यात थांबवून फुंकर मारायला लावायची पद्धत सुरू झाली आणि अपघाती मृत्यू लक्षणीय घटले, हे उदाहरण ते काढणार म्हणजे काढणारच.

इथे मला एक फट दिसते. नाक्यावर पुष्कळ सापडले की ‘बघा, किती गरज आहे’ आणि कमी सापडले की ‘बघा, कसा धाक बसला’. चित भी मेरी, पट भी मेरी. मग नाक्यावरचे आकडे दोन्ही बाजूंना पुरावा म्हणून बाद होतात, आणि त्या भागातले रात्रीचे अपघात खरंच कमी झाले का, हे बाहेरून दाखवावं लागतं. परीक्षकांना हे पटेल की शब्दांचा खेळ वाटेल?

दुसरी अडचण जास्त अवघड आहे. थांबवणं आणि फुंकायला लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला आत्ता आत्ता कळलं. ब्रिटनमध्ये गणवेशातला पोलीस कुठलीही गाडी थांबवू शकतो, पण श्वासाचा नमुना मागायला दारूचा संशय, वाहतुकीचा गुन्हा किंवा अपघात, यांपैकी काहीतरी लागतं. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम २०३ मध्येही संशयाला वाजवी कारण हवं असं म्हटलंय. कॅनडात मात्र डिसेंबर २०१८ पासून, कायदेशीरपणे थांबवलेल्या कुठल्याही चालकाकडे संशय नसतानाही नमुना मागता येतो. मला वाटलं होतं की ‘आधी संशय, मग तपासणी’ ही स्वातंत्र्याची बाजू आणि ‘सगळ्यांची तपासणी’ ही दंडेलीची. आता उलटंही वाटतंय. संशय कोणाचा घ्यायचा हे ठरवणार कोण? खिडकीत डोकावणारा पोलीस. डोळे लाल आहेत, बोलणं अडखळतंय, गाडी जुनाट आहे, माणूस आपल्यातला वाटत नाही. सगळ्यांनाच फुंकर मारायला लावली तर निदान कुणाला वेगळं काढलं जात नाही. मग भाचीने नेमकं मागायचं काय?

स्पर्धा रविवारी आहे.

प्रतिसाद १

भाचीला सांगा, विषय पुन्हा एकदा वाचायचा. ‘घाला आहे’ असं म्हटलंय, ‘बंद करावी’ असं नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये हफ्स्की खटल्यात, नुसती तपासणी म्हणून कुणालाही थांबवणं ही मनमानी अटकाव ठरते, म्हणजे हक्काचा भंग होतो, हे सरळ मान्य केलं. मग रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी हा भंग समर्थनीय आहे असं म्हणून तो चालवून घेतला. पहिलं अर्धं वाक्य तिचं, दुसरं अर्धं प्रतिस्पर्ध्यांचं. त्यांनी दुसरं अर्धं वाचून दाखवलं की तिने म्हणायचं, ‘समर्थनाची गरज पडली, कारण आधी भंग झाला होता.’

मिशिगनचाही उत्तरार्ध आहे, तो बहुतेक जण विसरतात. खटला परत राज्यात गेल्यावर १९९३ मध्ये मिशिगनच्याच सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या घटनेनुसार असे नाके अवैध ठरवले. म्हणजे ज्या नाक्याच्या नावाने देशभर दाखला दिला जातो, तो त्याच्या स्वतःच्या राज्यात चालत नाही.

प्रतिसाद २

वरचा प्रतिसाद हुशारीचा आहे, पण नुसत्या शब्दावर जिंकायला गेलं तर परीक्षक वैतागतात. मी काही वर्षं अशा स्पर्धांचं परीक्षण केलंय.

तुमचं दुसरं निरीक्षण हाच खरा गाभा आहे, तो सोडू नका. १९७९ मध्ये प्रूज खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने एकट्या पोलिसाने मनात येईल ती गाडी थांबवून कागद बघणं अवैध ठरवलं, आणि अकरा वर्षांनी नाका वैध ठरवला. फरक सेकंदांचा नव्हता. निवड कोण करतो आणि तिला लगाम आहे का, हा फरक होता. म्हणून भाचीने २५ सेकंदांवर एक शब्दही खर्च करू नये. लोक विमानतळावर त्याहून जास्त थांबतात, हे उत्तर तयार असतं.

मात्र सगळ्यांना फुंकर मारायला लावली की भेदभाव संपतो, हेही खरं नाही. तो एक पायरी वर सरकतो. रांगेत सगळे समान, पण रांग कुठल्या वस्तीच्या तोंडाशी लावली? कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये इंगरसोल खटल्यात हे ओळखून कसोट्या घातल्या: जागा आणि वेळ वरिष्ठांनी ठरवायची, गाड्या ठरलेल्या क्रमानेच थांबवायच्या (समजा, दर तिसरी), अडवणूक थोडक्यात आटपायची, नाका लांबून पोलिसांचा आहे हे दिसायला हवं, आणि आधी जाहीर करायचं. गंमत म्हणजे जाहीर केल्याने धाक कमी होत नाही, वाढतो. तिने विचारावं: ज्या नाक्याला या अटी नाहीत, तो ‘सरसकट’ या शब्दाआड लपलेली मनमानी नाही तर काय?

आणि हेतू. २००० मध्ये इंडियानापोलिसच्या खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने अमली पदार्थ शोधण्यासाठी कुत्रा घेऊन लावलेला नाका अवैध ठरवला, कारण तो रस्त्यावरच्या धोक्यासाठी नव्हता, सर्वसाधारण गुन्हे शोधायला होता. फुंकर मारून शून्य आल्यावर ‘जरा डिकी उघडा’, ‘मोबाइल दाखवा’, ‘कुठून येताय, सोबत कोण आहे’ सुरू झालं की दारूचं कारण तिथेच संपलं. माझ्या मते तिचा सगळ्यात मजबूत मुद्दा हाच. शून्य आकडा दिसताक्षणी माणूस मोकळा व्हायला हवा.

प्रतिसाद ३

यंत्राबद्दल कुणीच बोललं नाही. माउथवॉशने चूळ भरली असेल किंवा नुकतीच ढेकर आली असेल, तर तोंडातल्या अल्कोहोलमुळे आकडा फुगतो. म्हणून पुरावा म्हणून चाचणी घेताना साधारण १५ मिनिटं थांबतात. यंत्राचं कॅलिब्रेशन कधी झालं आणि नळी नवी लावली का, हे विचारायची चालकाला मुभा हवी. कॅनडातच २०२३ मध्ये ब्रो खटल्यात न्यायालयाने म्हटलं की पोलिसाकडे यंत्रच नसताना केलेली मागणी वैध नाही, त्यामुळे नकार देणारा दोषी ठरत नाही.

धागाकर्ता

मंडळी, मनापासून आभार. भाचीला सगळं वाचून दाखवलं. २५ सेकंद आणि ‘दोघांसाठी सव्वाशे’ दोन्ही तिने काढून टाकलं, तेही कुरकुर करत, कारण ते वाक्य तिला फार आवडलं होतं. सुरुवात हफ्स्कीने, मग जागेची निवड, आणि सगळा जोर शून्यानंतरच्या चौकशीवर, असं ठरतंय. यंत्राचा मुद्दा खंडनासाठी राखून ठेवलाय. भारतातल्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालातली (खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल) कायदा, वैध हेतू आणि प्रमाणबद्धता ही कसोटी तिला शेवटी वापरायची आहे, पण वेळ तीनच मिनिटं आहे.

एकाच प्रश्नावर अडलोय. लांबून नाका दिसल्यावर एखाद्याने नियम न मोडता गाडी वळवली आणि दुसऱ्या रस्त्याने गेला, तर तेवढ्यावरून त्याचा पाठलाग करावा का? भाची म्हणते, करू नये, वळणं हा गुन्हा नाही. मी म्हणतो, मग पिऊन चालवणारा प्रत्येक जण वळेल. जाहीर केलेल्या नाक्याला हा प्रश्न हमखास येणार, आणि प्रतिस्पर्धी तोच विचारतील असं मला वाटतं. परीक्षण केलेल्यांनी यावर लिहाल का? शनिवारी रात्रीपर्यंत बघतोय.