लोअर आर्म पूर्ण बदलू की नुसते बुश? (स्विफ्ट डिझेल, 2010)

मंडळी, पुढच्या सस्पेन्शनबद्दल सल्ला हवाय: लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) आणि त्याचे बुश (दांड्याच्या सांध्यातले रबरी तुकडे).

गाडी 1 लाख 90 हजार किमी पळाली आहे. 15 वर्षं झाली म्हणून नुकतीच फिटनेस करून आरसी आणखी 5 वर्षांसाठी रिन्यू केली, त्यामुळे विकायची नाही. मी सांगलीत, आईवडील रत्नागिरीत; आंबा घाट कायमचाच.

खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवरून उतरताना डाव्या बाजूला ‘धप्प’ असा जड आवाज येतो. लिंक रॉड (सस्पेन्शनमधली छोटी जोडदांडी) गेल्यावर होते ती खडखड नव्हे, लिंक रॉड गेल्या वर्षीच बदललेत. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते, सोडला की सरळ. घाट उतरताना याचीच धास्ती वाटते. चाकांची अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत आणणं) करून आणली तरी टिकत नाही आणि डाव्या टायरची आतली कड झिजली आहे.

मेकॅनिकने पहार लावून दाखवलं: लोअर आर्मच्या मागच्या बुशचं रबर चिरलंय, आर्म पुढेमागे हलतो. बॉल जॉइंटला (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा) अजून खेळ नाही, म्हणजे तो ढिला नाही.

मेकॅनिक म्हणतो दोन्ही आर्म नवे टाका. प्रेसवाला (प्रेस मशीनने बुश बसवून देणारा) म्हणतो कशाला, जुन्याच आर्ममध्ये फक्त नवे बुश दाबून देतो. मित्राला रबराऐवजी पॉलियुरेथेनचे (कडक प्लास्टिकसारखे) बुश हवेत (गाडी माझी, हौस त्याची). तुम्ही काय कराल?

उत्तर 1
ब्रेक लावला की चाक मागे ढकललं जातं आणि तो जोर मागचा बुशच पेलतो. डावा ढिला असेल तर ते चाक जागा सोडतं, म्हणून ओढ. निदान बरोबर वाटतंय.

बॉल जॉइंट पहिलाच असेल तर एवढ्या किलोमीटरनंतर मी आर्मच बदलेन, दोन्ही बाजूंचे. खोलायची मजुरी तीच, मग बॉल जॉइंटसाठी पुन्हा कशाला खोला? पण आर्म ओरिजिनलच घ्या. स्वस्तातला आर्म टाकण्यापेक्षा जुन्याच आर्ममध्ये चांगला बुश दाबलेला परवडला. तसं केलंत तर जुना बुश काढण्याआधी त्याची दिशा आर्मवर खूण करून ठेवायला सांगा. मागच्या बुशच्या रबरात पोकळ्या असतात, त्या फिरल्या तर नवा बुशही नीट काम करत नाही.

पॉलियुरेथेन रोजच्या गाडीला नको. कडक असतं, रस्त्याची थरथर आत येते आणि ग्रीस धुऊन गेलं की कुरकुरतं. कोकणातल्या पावसात तर विचारूच नका.

धागाकर्ता
धन्यवाद, दोन्ही आर्म ओरिजिनल घेतो. बसवताना कशावर लक्ष ठेवू?

उत्तर 2
बोल्ट आवळण्यावर. बहुतेक ठिकाणी गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असतानाच बोल्ट पूर्ण आवळतात. बुशचं रबर त्याच्या आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. गाडी खाली आली की ते पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. आधी नुसते अडकवा, गाडीचं वजन चाकांवर आलं की मग टॉर्क रेंचने (ठरावीक जोर लावणारा पाना) आवळा. गाडीखाली उतरायचा गॅरेजचा खड्डा किंवा रॅम्प नसेल तर गाडी स्टँडवर ठेवून आर्मच्या चाकाकडच्या टोकाखाली जॅक लावा आणि बॉडी स्टँडवरून जेमतेम सुटेपर्यंत उचला, तेवढ्यात काम होतं.

बोल्ट गंजलेले निघाले तर नवेच टाका. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. आणि गाडी वर आहेच तर मागच्या अॅक्सलचे बुशही बघून घ्या.