एईएसचे मोड वेगळे, पॅरामीटर वेगळे: क्लास कसे पाडावेत?

प्रश्न
जावा १७. एईएस या सायफरने फाइल एन्क्रिप्ट करणारा एक क्लास आहे. त्यात सीबीसी, जीसीएम आणि ईसीबी हे तीन मोड, म्हणजे एईएस वापरायच्या तीन पद्धती. सीबीसीला १६ बाइटचा आयव्ही (सुरुवातीची यादृच्छिक किंमत) लागतो. जीसीएमला नॉन्स (एका कीवर एकदाच वापरायची किंमत), टॅगची (फाइलमधला बदल पकडणाऱ्या खुणेची) लांबी आणि कधी एएडी (एन्क्रिप्ट न होता फक्त तपासला जाणारा जोडमजकूर). जुन्या फाइल ईसीबीत आहेत, त्यांना यातलं काहीच नको. सध्या एकाच मेथडला मोडचा एनम (ठरावीक पर्यायांचा टाइप) आणि चार पॅरामीटर जातात, त्यातले निम्मे नल. सीबीसीबरोबर एएडी दिला तर तो गुपचूप गाळला जातो. सबक्लास केले, तर प्रत्येकाची सिग्नेचर वेगळी निघते.

उत्तर १
एनम काढा. सील्ड इंटरफेस (ठरवून दिलेल्या क्लासनाच वापरता येणारा) आणि त्याखाली तीन रेकॉर्ड (फक्त डेटा ठेवणारे, न बदलणारे क्लास) करा. ज्याला जे लागतं तेवढंच त्यात, आणि लांबीची तपासणी कन्स्ट्रक्टरमध्ये. इंटरफेसवर एकच मेथड: जावाच्या सायफर क्लासला द्यायचा स्पेक (पॅरामीटरचा ऑब्जेक्ट) बनवणं. जावाची सायफर एपीआयही अशीच आहे, इनिटला अल्गोरिदमपॅरामीटरस्पेक जातो.

जीसीएमच्या स्पेकमध्ये टॅगची लांबी बिटमध्ये असते. १२८ ऐवजी १६ दिलेत की एक्सेप्शन.

उत्तर २
सील्ड इंटरफेस ठीक, पण नॉन्स रेकॉर्डमध्ये अजिबात नको. असा रेकॉर्ड कोणीतरी स्टॅटिक फायनल करून ठेवणारच, मग प्रत्येक फाइलला तोच नॉन्स. जीसीएममध्ये एका कीवर नॉन्स पुन्हा वापरला, की दोन सायफरटेक्स्टच्या (एन्क्रिप्ट झालेल्या मजकुरांच्या) एक्सऑरमधून (बिटशः तुलनेतून) मूळ मजकुरांचा एक्सऑर मिळतो. शिवाय ऑथेंटिकेशनची कीही काढता येते, म्हणजे खोटे टॅग बनवता येतात.

मोडबरोबर बदलणारं आणि प्रत्येक कॉलला बदलणारं वेगळं करा. टॅगची लांबी मोडची. नॉन्स कॉलचा: एन्क्रिप्टच्या आतच सिक्युअररँडममधून (जावाच्या सुरक्षित यादृच्छिक जनरेटरमधून) १२ बाइट घ्या आणि फाइलच्या सुरुवातीला लिहा, डिक्रिप्ट तिथूनच वाचेल. सीबीसीचा आयव्हीही तसाच. सिग्नेचरचा तुमचा निम्मा गुंता इथेच सुटतो.

एएडी घेणारी मेथड वेगळ्या इंटरफेसवर ठेवा आणि तो फक्त जीसीएमला द्या. सीबीसीला एएडी देणारा कोड मग कंपाइलच होणार नाही. ईसीबीला फक्त डिक्रिप्ट द्या. नवी फाइल त्यात लिहायची सोयच नको.

प्रश्नकर्ता
मोडचं नाव कॉन्फिगमधून येतं. म्हणजे स्विच राहणारच ना?

उत्तर २
राहील, पण एकच, फॅक्टरीत, म्हणजे नावावरून योग्य ऑब्जेक्ट बनवणाऱ्या मेथडमध्ये. अनोळखी नाव आलं तर तिथेच एक्सेप्शन टाका, डिफॉल्ट नको. आणि सायफरला नुसतं ‘एईएस’ देऊ नका, जावाचा नेहमीचा प्रोव्हायडर त्याचा अर्थ ईसीबी घेतो.